दोरीवर मावेल इतकंच

चंपारणमधल्या एका बाईची गोष्ट गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. साल १९१७. निळीच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला ते बिहारमध्ये गेले होते आणि त्याबरोबर गावोगाव शाळा आणि स्वच्छतेचं कामही सुरू झालं होतं. भितिहरवा गावाजवळच्या एका लहानशा वस्तीत बायकांचे कपडे फार मळलेले दिसले. या कपडे का धूत नाहीत, हे विचारायला त्यांनी कस्तुरबांना पाठवलं. त्यातल्या एकीने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेलं. आत ना पेटी होती, ना कपाट. अंगावर होती तेवढी एकच साडी. ती धुवायची तर नेसायचं काय? आणखी एक मिळवून द्या, मग रोज आंघोळ करीन आणि रोज स्वच्छ नेसेन, असं तिचं म्हणणं होतं.

कपाट आवरायचा विषय निघाला की मला आधी ही बाई आठवते. तिने मागितली ती दुसरी साडी. एक अंगावर, एक दोरीवर. माणसाला किती कपडे लागतात याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही, आणि ते धुण्यातून आलेलं आहे. आपल्या कपाटाचा हिशेबही तिथूनच सुरू व्हावा असं मला मनापासून वाटतं. किती आवडतात, किती शोभतात, किती परवडतात हे सगळं नंतर. आधी विचारायचं ते हे, की किती कपडे आपल्याच्याने धुऊन, वाळवून, घडी घालून आणि वेळेवर टाका मारून राखले जातात?

एक गोष्ट मात्र आधीच वेगळी काढते. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने कमी करणं निराळं, आणि ज्याच्याकडे नाहीच त्याला कमी असण्याचं कौतुक सांगणं निराळं. हे दुसरं कोणी करू नये. गांधीजींनी स्वतः १९२१च्या सप्टेंबरात मदुराईला सदरा-टोपी सोडून आखूड पंचा धरला, पण चंपारणच्या बाईला त्यांनी एका साडीत समाधान मानायला सांगितलं नव्हतं. हे सगळं लिहिते आहे ते ज्यांच्या कपाटाचं दार खांदा लावून बंद करावं लागतं, त्यांच्यासाठी.

मोजक्या कपड्यांच्या संचाला आता सगळे कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. लंडनमध्ये ‘वॉर्डरोब’ नावाचं दुकान चालवणाऱ्या सुझी फो यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना रुजवली. कपडे थोडे घ्या, चांगल्या शिलाईचे घ्या, फॅशन बदलली तरी जुने न दिसणारे घ्या आणि आलटून पालटून वर्षानुवर्षं चालवा, असं त्या सांगत. १९८५ मध्ये अमेरिकेत डोना कॅरन यांनी नोकरीवर जाणाऱ्या बायकांसाठी असेच सात कपडे काढले, एकमेकांत फिरवून घालता येतील असे. २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने ३३ वस्तूंत काढायचे असा नेम सुरू केला. त्यात चपला आणि दागिनेही मोजायचे. या तिघींबद्दल मला आदर आहे. सकाळी कपाटासमोर उभं राहून नोकरदार बाईचा जो जीव खर्ची पडतो, तो त्यांनी वाचवला. कपडे कमी असले की माणूस गबाळा दिसतो, हा समजही त्यांनी खोडून काढला.

पण ३३ काय किंवा सात काय, हे आकडे तिथल्या हवेचे आहेत. थंड हवेत एक स्वेटर आठवडाभर घातला तरी चालतो. मे महिन्यात दादरचा पूल चढून उतरलं की सकाळचा कुर्ता दुसऱ्या दिवशी अंगाला लावून घेववत नाही. म्हणजे कपडा रोज धुवायचा. रोज धुवायचा तर तो वाळला पाहिजे, आणि जूनच्या मध्यापासून चार महिने कोकणात, मुंबईत, ठाण्यात कपडे वाळवणं हेच घरातलं मोठं काम होऊन बसतं. जीन्स दोन-दोन दिवस दमट राहते. कंबरेची जाड पट्टी आणि खिशांची अस्तरं तर शेवटपर्यंत ओली. कुबट वास एकदा धरला की पुन्हा धुवायची आणि पुन्हा टांगायची. उलट मलमलचा कुर्ता पंख्याखाली रात्रीत वाळून सकाळी इस्त्रीला तयार असतो. दोरी तीच, पंखा तोच. कापड बदललं की किती कपडे लागणार तो आकडाच बदलतो.

म्हणून मुंबईच्या माणसाने आपला संच जुलैतल्या दोरीवरून ठरवावा. एक जोड अंगावर, एक ओला, एक अर्धवट वाळलेला, एक इस्त्रीवाल्याकडे, आणि अचानक भिजून घरी आलो तर हाताशी एक. बाहेर जाण्याचे असे पाच-सहा जोड असले की पावसाळाही निभतो. अकोल्याला किंवा नागपूरला हिशेब वेगळा. तिथे उन्हाळ्यात पिळून टाकलेला कपडा बघता बघता कडकडीत होतो, याहून कमी जोडांत भागतं. दुसऱ्या देशातली यादी उतरवून घेण्यापेक्षा आपल्या गॅलरीतली दोरी मोजलेली बरी.

रंगांचंही तसंच. त्या याद्यांमध्ये पांढरा, बदामी, राखाडी, काळा हे रंग पुन्हा पुन्हा येतात, कारण ते एकमेकांवर जातात. रत्नागिरीच्या तांबड्या मातीत पांढऱ्या सलवारीचा घेर पहिल्या पावसातच रंग बदलतो आणि मग कितीही निळीत बुडवला तरी मूळपदावर येत नाही. आपल्याकडच्या बायकांनी डाळिंबी, जांभळा, गडद हिरवा, काळा असे मळखाऊ रंग अंगात घेतले आणि काठ ठसठशीत ठेवले, त्यामागे धुण्याचाच विचार होता. इरकली लुगडं बघा. चिखलात, चुलीपाशी, देवळात, बाजारात, सगळीकडे तेच चाले.

आता कपाट उपसायला घेऊ. इथे मारी कोंडो या जपानी बाईंचं नाव घ्यावंच लागेल, कारण त्यांची पद्धत जगभर पोचली आहे. घरातले सगळे कपडे बाहेर काढून एका जागी ढीग करायचा, एकेक हातात घ्यायचा आणि जो हातात घेतल्यावर मनाला आनंद देतो तोच ठेवायचा. आवरायला सुरुवात कपड्यांपासून करावी आणि आठवणींच्या वस्तू शेवटी घ्याव्यात, असा त्यांचा क्रम आहे. कपडे सोडणं सोपं, आठवणी सोडणं अवघड. क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. पण मराठी घरात तो पहिल्याच पायरीवर अडतो.

आपल्या कपाटातले पुष्कळ कपडे आपण विकत घेतलेलेच नसतात. ते आलेले असतात. नणंदेच्या मुलाच्या मुंजीतली साडी, डोहाळजेवणाची साडी, विहीणबाईंनी मानाची म्हणून दिलेली साडी, वास्तुशांतीला यजमानांना मिळालेले शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोपी. आणि ब्लाउजपीस. त्यांची तर थप्पी असते. ओटीत आलेला पाऊण-एक मीटरचा तुकडा, चौकोनी घडीचा, नारळाखाली ठेवून दिलेला. त्याचा रंग आपल्या कुठल्याच साडीला लागत नाही, म्हणून तो शिवला जात नाही. पुढच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तो दुसऱ्या घरी जातो आणि तिथून तिसऱ्या. घडी कधीच न मोडलेलं ते कापड वर्षानुवर्षं गावभर फिरत राहतं. कधी कधी कोपऱ्यावरच्या हळदीच्या बोटांवरून कळतं, की हे आपल्याकडूनच गेलं होतं.

या प्रथेला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्या काळात कापड महाग होतं त्या काळात ओटीतला खण ही खरीखुरी मदत होती. १९४०च्या दशकात तर कापडावर नियंत्रण होतं, ते रेशनवर मिळे. ओटीत आलेल्या खणाची चोळी शिवली जाई आणि ती विटेपर्यंत अंगावर असे. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग काढून धड तुकडे जोडायचे, दंड घालायचा, आणि ते आणखी दोन वर्षं नेसायचं. त्यानंतर त्याची दुपटी व्हायची, मग फडकी, मग पोतेरं. अशा घरात एक नवा कपडा येणं म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. आता कापडाची टंचाई गेली, पण देण्याचा रिवाज आहे तसाच राहिला, आणि त्याचं सगळं वजन कपाटाच्या फळीवर आलं.

अशी आलेली साडी देऊन टाकताना हात थबकतो तो देणाऱ्या माणसामुळे. “मी दिलेली नेसलीस का गं कधी?” असं कधीतरी विचारलं जाईल, याची धास्ती असते. आनंद देत नाही म्हणून वन्संची साडी काढून टाकली, असं आपल्याकडे कोणी म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. त्या साडीत त्यांनी आपली आठवण ठेवलेली असते. म्हणून आपलं कपाट एकटीने आवरून होत नाही. दोन घरांमध्ये मोकळं बोलणं झालं तरच ते हलकं होतं. साडी एकदा नेसावी, त्यांच्या घरी जाताना नेसावी, घडी मोडावी, आणि मग सरळ सांगावं: वन्सं, ही माझ्याकडून फार नेसली जात नाही, अमकीला फार आवडली आहे, तिला देऊ का? बहुतेक वेळा समोरून सुटकेचा सूर ऐकू येतो, कारण त्यांचंही कपाट भरलेलं असतं. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायला सुरुवात झाली तेव्हाही कोणाला तरी पहिल्यांदा बोलावंच लागलं असेल.

साडी नेसणाऱ्या बाईचं खरं अडतं ते मात्र ब्लाउजमुळे. साडीला माप नसतं. वीस वर्षांपूर्वीची साडी आजही तशीच नेसता येते, मुलीला होते, सुनेलाही होते. पण तिच्यावरचा ब्लाउज दंडात रुततो, हूक लागत नाहीत, आणि धडधाकट साडी कपाटात नुसती पडून राहते. पलंगावर सगळ्या साड्या काढल्यात की एकेकीला विचारून बघा, तू का नेसली जात नाहीस? साडी नावडती झाली आहे असं क्वचितच निघतं. ब्लाउज होत नाही, ब्लाउजचा रंग गेला, ब्लाउज शिवलाच नाही, हीच उत्तरं जास्त येतात.

इथे जुन्या लेडीज टेलरांचं कसब आठवतं. चांगला टेलर ब्लाउज शिवताना बाजूच्या शिवणीत बोटभर-दोन बोटं जादा कापड आत ठेवतो आणि एकीशेजारी एक अशा दोन-तीन टिपा मारतो. अंग भरलं की सगळ्यात आतली टीप उसवायची. ब्लाउज उलटा करायचा, ब्लेडच्या टोकाने तीन-चार टाके सोडून एकेक टाका कापायचा, मग दोरा ओढला की सरसर निघून येतो. शिवणीतून बाहेर आलेल्या कापडाची पट्टी बाकीच्या ब्लाउजपेक्षा गडद दिसते, कारण तिने ना ऊन पाहिलेलं असतं ना घाम. शेजारी सुईच्या बारीक भोकांची रांग राहते, ती एक-दोन धुण्यांत बुजते. काखेपाशी थोडं सांभाळावं लागतं, तिथे दोन शिवणी एकमेकींवर आलेल्या असतात. दहा-पंधरा मिनिटांच्या या कामाने एक साडी पुन्हा नेसती होते.

आता एखादा स्वस्तातला रेडिमेड कुर्ता उलटून बघा. कडेला ओव्हरलॉकचा दोरा आणि शिवणीबाहेर जेमतेम नखाएवढं कापड. सोडायला काही ठेवलेलंच नाही. या वर्षीच्या अंगासाठी शिवलेला कपडा पुढच्या वर्षी घट्ट झाला तर त्याचं काही करता येत नाही. कारखान्यात हजारो कुर्ते कापताना प्रत्येकातलं बोटभर कापड वाचवलं की मोठी बचत होते, हे उघड आहे. ती बचत दुकानदाराच्या हिशेबात जमा होते आणि आपल्या कपाटात दर वर्षी एक न होणारा कपडा पडतो. मी आता कपडा घेताना तो उलटा करूनच बघते. शिवणीत काय आहे, बटणांच्या मागे पट्टी दुहेरी आहे का, खिशाच्या कोपऱ्याला दोन जादा टाके आहेत का. दुकानातला मुलगा जरा चकित होतो, पण थांबतो.

ब्लाउजचाच विषय आहे तर आणखी एक. काळा, मोतिया, गडद मरून, बाटली-हिरवा असे नीट बसणारे चार-पाच सुती ब्लाउज आणि एखादा खणाचा, एवढ्यावर डझनभर साड्या सुखाने निघतात. साडी ज्या रंगाची त्याच रंगाचा ब्लाउज हवा, हा हट्ट फार जुना नाही. नऊवारीवर खणाची चोळी असे ती सहसा दुसऱ्याच रंगाची, आणि ती उठून दिसे. डोना कॅरन यांच्या सात कपड्यांमागचं तत्त्वही हेच होतं. ते आपल्या आज्यांच्या अंगावर होतंच.

रेशमी साड्यांचं थोडक्यात सांगते, कारण राखण्याची मर्यादा तिथे सगळ्यात लवकर कळते. पैठणी एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली की घडीच्या रेषेवर, जरीपाशी, कापड चिरायला लागतं. म्हणून दर काही महिन्यांनी ती उलगडायची, सावलीत वारा लावायचा, घडी बदलायची आणि जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. डांबराची गोळी जरीला टेकता कामा नये, जर काळी पडते. अशा दोन-तीन साड्या असतील तर दिवाळीच्या आधीची एक दुपार त्यात आनंदाने जाते. वीस असतील तर ते काम ‘पुढच्या रविवारी’ होतं. मग भाचीच्या लग्नात नेसताना निऱ्या करता करता ती फाटल्याचा आवाज येतो. ती साडी आपल्या मालकीची होती खरी, पण आपल्या हाताखालून गेलीच नव्हती.

काढलेल्या कपड्यांचं पुढे काय होतं, हा मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न आहे. कपाट रिकामं झालं की मोकळं वाटतं. पण तो ढीग कुठेतरी गेलेला असतो, नाहीसा झालेला नसतो.

पूर्वी दुपारच्या वेळी बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेत गाठोडं. मुंबईत यातल्या बऱ्याच जणी गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या असत. ओट्यावर बैठक मारायची, एकेक कपडा उचलायचा, दोन हातांनी ताणायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. शर्टाची कॉलर, पँटची बसायची बाजू, साडीचा मधला भाग. जिथे कापड विरलेलं असे तिथे तिचा अंगठा बरोबर जाई. एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस चाले आणि दोन्हीकडच्या बायका आपापल्या परीने जिंकत. तो कपडा पुढे धुऊन, बटणं लावून, रफू होऊन जुन्या बाजारात जाई आणि एखाद्या कष्टकऱ्याच्या अंगावर चढे. कुठला कपडा अजून चालेल आणि कुठला संपला, हे तिला अचूक कळे, कारण तिचं पोट त्या पारखीवर होतं. बऱ्याच सोसायट्यांच्या फाटकातून आता तिला आत सोडत नाहीत. तिच्या जागी लॉबीत एक खोका येतो, वर ‘जुने कपडे’ असं लिहिलेला. खोक्याला पारख नसते. त्यात काहीही पडतं.

२००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले. त्यातले कितीतरी नेसण्या-घालण्याच्या लायकीचे नव्हते, कितीतरी त्या लोकांच्या पेहरावातले नव्हते. रस्त्याकडेला त्यांचे ढीग पडून राहिले. ‘गूंज’ या संस्थेने त्यातले पुष्कळ कपडे गोळा करून, निवडून कामाला लावले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची एक रीत मला फार मोलाची वाटते. तिथे कपडे दान म्हणून वाटत नाहीत. गावकरी एकत्र येऊन विहीर खोदतात, रस्ता बांधतात, तळं उपसतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कापड मिळतं. घेणाऱ्याची मान ताठ राहते. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाकडे पाहिलं की खोक्यात टाकण्याआधी कपडा धुवावा, तुटलेला हूक लावावा, इस्त्री फिरवावी असं आपोआप वाटतं. मोबदला फाटका देऊन कसं चालेल?

जगभरात हाच ओघ मोठा होऊन वाहतो आहे. घानाची राजधानी अक्रा, तिथल्या कांतामांतो बाजारात श्रीमंत देशांतल्या जुन्या कपड्यांच्या गासड्या येऊन पडतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात न विकलेल्या कपड्यांच्या टेकड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे पानिपतला जुने लोकरी कपडे पिंजून त्याचं सूत काढतात आणि त्याच्या घोंगड्या-ब्लँकेटं होतात. हे काम खरंच उपयोगाचं आहे. पण सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलेलं असलं, वर त्यात ताणणारा धागा असला, की ते वेगळं करणं फार कठीण होतं. जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण जगात १ टक्क्याहूनही कमी आहे, असा एलन मॅकआर्थर फाउंडेशनचा २०१७ चा अहवाल सांगतो. तेव्हा ‘रिसायकलला दिला’ म्हणून निश्चिंत होण्यात फारसा अर्थ नाही.

गोधडीला मात्र अजून काहीही चालतं, फक्त कापड सुती हवं. जुन्या साड्यांचे थर जमिनीवर पसरायचे, सुरकुत्या हाताने काढायच्या, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालत जायचं. ज्या घरांत अजून हे करणारी आजी किंवा काकू आहे, त्यांनी तिच्याजवळ एक थंडी बसून घ्यावं.

यापुढचं काम म्हणजे कपाटात येणारं थांबवणं, आणि ते आवरण्यापेक्षा अवघड आहे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यात पावसाचं पाणीही धरलेलं असतं, आणि आपल्या विदर्भात कापूस बहुतेक कोरडवाहूच. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याचं अख्खं वर्ष पावसावर टांगलेलं, वर वेचणीला बायकांचे हात, बोंडाच्या टोकाने ओरखडलेले. तो टी-शर्ट सेलमध्ये ‘एकावर एक फुकट’ म्हणून आपल्या हाती पडतो आणि लेबल न काढताच कपाटात राहतो, तेव्हा मला पैशापेक्षा त्या वेचणीचं जास्त वाईट वाटतं. नवा कपडा घेऊच नये असं मी म्हणत नाही. सणाला मुलांच्या अंगावर नवं कापड चढतं, त्याचा तो करकरीत वास, तो आनंद मला हवा आहे. फक्त दोरीवर त्याला जागा आहे का, एवढं आधी बघून घ्यावं.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे एक लग्न आहे. मानाच्या साड्यांची यादी करायला आम्ही बसलो, तेव्हा वहिनीने सुचवलं की एकगठ्ठा खरेदी करण्याआधी प्रत्येकीला फोन करून विचारू. ताईंना ते अवघड वाटलं, मानाचं असं विचारून देतात का, म्हणून. तरी केले फोन. आत्याने साडीच हवी म्हणून सांगितलं, रंगही सांगितला, मोरपिशी. तिला ती जाईल. मामींना उशांचे अभ्रे हवे आहेत. मावशी बराच वेळ आढेवेढे घेत होती. शेवटी म्हणाली, साडी नको, माझ्या दोन चांगल्या साड्या ब्लाउजवाचून पडल्यात, त्यांवर शिवून दे. बुधवारी तिला घेऊन टेलरकडे जायचं आहे. बाजूच्या शिवणीत कापड जरा जास्त ठेवा, हे त्याला आधीच सांगून ठेवलं आहे.